दोन्ही खरे, मग अडते कुठे?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सोलापुरात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा पडला तरी लोक समाधान मानतात. तरीही एप्रिल सरता सरता खेड-मंडणगडच्या वाड्यांवर आणि शेजारच्या पोलादपूरच्या डोंगरकुशीत टँकरची वाट पाहणे सुरू होते. जुलैत ज्या घराच्या पागोळ्या आठ-आठ दिवस थांबत नाहीत, त्याच घरातली बाई मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटी-वाटीने हंडा भरते.

कोकणातल्या माणसाला यात काही कोडे दिसत नाही. ‘पडतो रग्गड, पण राहतो कुठे?’ असे म्हणून तो विषय संपवेल. गंमत अशी की हाच मजकूर कागदावर छापून खाली पाच पर्याय दिले आणि शेजारी घड्याळ लावले, की भलेभले अडखळतात. अमेरिकेतल्या आणि इतरत्रच्या व्यवस्थापन संस्थांसाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅटमध्ये असे प्रश्न येतात. तिथल्या विधी महाविद्यालयांच्या एलसॅटमध्ये तर ते हमखास असतात. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटची तयारी करणारी मुलेही त्यांचा सराव करतात. क्लासच्या भाषेत या प्रकाराला ‘रिझॉल्व्ह द पॅराडॉक्स’ म्हणतात.

घड्याळाचा काच खरा आहे. जीमॅटच्या व्हर्बल विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एकाला दोन मिनिटेही पुरती मिळत नाहीत. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि उतारे वाचण्याचा वेळही त्यातच. एलसॅटने ऑगस्ट २०२४ पासून ‘लॉजिक गेम्स’ नावाचा आकृत्या-तक्त्यांचा विभाग काढून टाकला. आता तिथे गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन तर्कबुद्धीचे असतात. कोडी गेली आणि युक्तिवाद उरला, त्यामुळे या प्रश्नांचे वजन आपोआप वाढले.

या प्रकारासाठी मराठीत वापरला जाणारा शब्द विचारात पाडणारा आहे. ‘पॅराडॉक्स’ मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ रूढ समजुतीच्या विरुद्ध जाणारे काहीतरी, एवढाच. आपला शब्द ‘विरोधाभास’. शाळेत तो अलंकार म्हणून शिकवला जातो: वरवर पाहता विरोध वाटतो, पण वस्तुतः विरोध नसतो, अशी त्याची व्याख्या मुले घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. तर्काच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ‘आभास’मध्येच दडलेले आहे. प्रश्नातली दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांची टक्कर खरी नाही. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात होते, कारण दोन विधानांच्या मधोमध त्याने स्वतःचे एक तिसरे विधान नकळत घुसवलेले असते.

हे घुसखोर विधान पकडणे हेच खरे काम. त्यासाठी जुन्या मास्तरी पद्धतीचा एक उपाय चांगला चालतो: ‘मला याचे नवल वाटते, कारण मी धरून चाललो आहे की…’ हे वाक्य पुरे करायचे. कोकणाच्या बाबतीत ते असे पुरे होते: ‘…की जिथे जास्त पडते तिथे जास्त साठते.’ एवढे लिहिले की उत्तराची दिशा कळते. पडणे आणि साठणे यांची फारकत करणारे काहीतरी शोधायचे.

आता पर्याय पाहू. समजा पहिला पर्याय सांगतो, ‘सोलापूर जिल्ह्यातही उन्हाळ्यात अनेक गावांना टँकर लागतो.’ लागतो, पण त्याने कोकणाचे कोडे सुटत नाही. नवल कोकणाचे आहे, सोलापूरचे नाही. दुसरा म्हणतो, ‘हल्ली कोकणात पूर्वीसारखा पाऊस पडत नाही.’ हा पर्याय फार लोकांना फसवतो, कारण तो ऐकायला ओळखीचा आहे. पण तो दिलेल्या दोन गोष्टींपैकी एकीलाच कापून काढू पाहतो, आणि गाठ सोडवायला सांगितली असताना दोरीच कापून चालत नाही. तिसरा, ‘कोकणातल्या बऱ्याच घरांतली माणसे मुंबईला असतात, त्यामुळे तिथे पाण्याची मागणी कमी आहे.’ याने आगीत तेलच ओतले. मागणीही कमी असेल तर टंचाई अधिकच अनाकलनीय होते. चौथा सांगतो की सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी अरुंद आणि उताराची आहे, नद्या आखूड आणि वेगवान आहेत, जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांवाटे काही महिन्यांत वाहून जाते, आणि पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांतच पडून जातो. इथे पाऊसही खरा राहिला, टंचाईही खरी राहिली, आणि मधली समजूत तेवढी गळून पडली.

प्रश्नाच्या शेवटी बहुधा एक छोटा वाक्प्रयोग असतो: ‘पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास…’ विद्यार्थी तो वाचून सोडून देतात आणि मग ‘असं कुठं असतं का?’ म्हणून चांगला पर्याय खोडतात. पर्यायाचा खरेपणा तपासण्याचे काम त्यांना कोणी दिलेलेच नसते. तो खरा आहे असे धरून त्याने गाठ सुटते का, एवढेच पाहायचे असते. भूगोलात हुशार असलेल्या मुलाला कधी कधी याचाच जास्त त्रास होतो.

हे प्रश्न निव्वळ परीक्षकांच्या टेबलावर जन्मलेले नाहीत. त्यांचे खरेखुरे पूर्वज विज्ञानाच्या आणि सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात सापडतात, आणि ते परीक्षेतल्या प्रश्नांपेक्षा कितीतरी रसाळ आहेत.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. १९७३ च्या शरद सत्रासाठी तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले होते. त्यांतल्या सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. स्त्रियांचे अर्ज ४,३२१ होते, आणि त्यांतल्या ३५ टक्के निवडल्या गेल्या. एवढा फरक योगायोगाने पडत नाही. साहजिकच संशय पक्षपाताचा. पण पक्षपात करणारा विभाग कोणता, हे शोधायला पीटर बिकेल आणि त्यांचे सहकारी एकेका विभागाच्या आकड्यांत शिरले तेव्हा चोर सापडेना. सर्वांत मोठ्या सहा विभागांपैकी एकात पुरुषांच्या प्रवेशाचे प्रमाण ६२ टक्के, तर स्त्रियांचे ८२. दुसऱ्या एकात पुरुष ६, स्त्रिया ७. दोनेक ठिकाणी पुरुष तीन-चार टक्क्यांनी पुढे होते, पण सगळीकडचे मिळून पाहता पारडे किंचित स्त्रियांच्याच बाजूला झुकत होते.

बहुतेक खोल्यांत बरोबरी किंवा सरशी, आणि घर मोजले की हार. हे कसे?

आपण इथे काय धरून चालतो? सगळ्या विभागांची बेरीज विभागांसारखीच वागेल, हे. ती तशी वागत नाही, कारण स्त्रिया आणि पुरुष सारख्याच विभागांकडे गेले नव्हते. त्या सहा विभागांत प्रवेश सर्वांत सोपा असलेले दोन होते. पुरुषांचे २,६९१ पैकी १,३८५ अर्ज, म्हणजे निम्म्याहून जास्त, त्या दोन विभागांना आले होते. स्त्रियांच्या १,८३५ अर्जांपैकी तिथे गेले फक्त १३३, शंभरात सात. उरलेल्या स्त्रिया जिथे मुळातच थोडक्यांना घेतात अशा दारांपुढे रांगेत होत्या. १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बिकेल, हॅमल आणि ओकॉनेल यांनी हे मांडले. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ मधल्या लेखावरून. ही चलाखी त्याआधी अर्धशतक कार्ल पिअरसन आणि उडनी यूल यांच्याही ध्यानात आली होती, पण नाव सिम्पसनचे लागले.

आकडे लिंगभेद नाही म्हणतात, म्हणून लिंगभेद नाही, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला नव्हता, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. प्रवेश समित्यांवरचा आरोप त्यांनी बाजूला ठेवला. मुलींना शाळेपासूनच जास्त गर्दीच्या आणि कमी पैशाच्या विषयांकडे वळवले जाते, ही तक्रार त्यांनी उघडच मांडली. विरोधाभास सुटला की प्रश्न संपतोच असे नाही. कधी कधी तो फक्त खऱ्या पत्त्यावर जाऊन पोचतो.

परीक्षेत या जातीचे प्रश्न ओळखायला सोपे असतात. टक्के, प्रमाण, सरासरी असे शब्द दिसले की छेदाकडे पाहावे. कशापैकी किती? दोन्ही ठिकाणी छेद एकच आहे का? ‘कंपनीचा नफ्याचा दर घटला, तरी नफा वाढला’, ‘परीक्षेला बसणारे वाढले, उत्तीर्णांची टक्केवारी उतरली, तरी शाळेचे नाव झाले’ असल्या प्रश्नांतला निम्मा धाक छेद पाहिल्याबरोबर जातो.

दुसऱ्या जातीत घोटाळा मोजण्यात असतो, आणि त्याचे देशी उदाहरण केरळचे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते चर्चेला घेतले होते. भारतातल्या राज्यांत केरळचे आयुर्मान सर्वांत वरच्या पायरीवर. पण पाहणीत लोकांना ‘तुम्ही आजारी आहात का?’ असे विचारले, तर आजारपणाचे सर्वाधिक प्रमाणही केरळातच. बिहारमध्ये आयुष्य कमी आणि सांगितलेले आजारही कमी. अमेरिकेत तर आजार सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळहूनही जास्त. सरळ वाचले तर निष्कर्ष असा की दीर्घायुषी व्हायचे असेल तर सतत आजारी पडावे.

मराठी वाचकाला याची किल्ली एका वाक्प्रचारात मिळेल: ‘दुखणे अंगावर काढणे’. जिथे दवाखाना दूर आहे, मजुरी बुडवणे परवडत नाही आणि सततचा थकवा म्हणजे बाईच्या जन्माला आलेलेच, असे मानले जाते, तिथे पाहणीवाल्याला उत्तर मिळते, ‘बरंय की.’ जिथे शिक्षण आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, तिथे माणूस रक्तदाब, साखर, गुडघा अशी यादी देतो. पाहणीने आजार मोजले नव्हते. आजार ओळखून सांगण्याची क्षमता मोजली होती. केरळात वृद्धांचे प्रमाण जास्त आहे, हेही त्यात भर घालते, आणि हे दुसरे कारण पहिल्याला खोटे पाडत नाही. परीक्षेत मात्र दोन्ही कारणे बहुधा एकाच प्रश्नाच्या पर्यायांत ठेवत नाहीत, कारण मग भांडणे होतील. ‘नोंदवलेले’, ‘सांगितलेले’, ‘तक्रार केलेले’ असे विशेषण प्रश्नात दिसले की समजावे, परीक्षकाने दार किलकिले ठेवले आहे. महिला अत्याचारांचे नोंदलेले गुन्हे वाढले तरी परिस्थिती सुधारत असू शकते, हे तर आता बातम्या वाचणाऱ्यालाही ठाऊक असते.

सर्वांत खोल शिकवण मात्र व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात मिळते. पर्याय एकेक करून खोडण्याची जी शिस्त क्लासमध्ये शिकवतात, ती तिथे एका तरुण डॉक्टरने माणसे मरताना पाहत पाहत पाळली.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा डॉक्टर १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात साहाय्यक म्हणून रुजू झाला. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकाच आवारात, लागून लागून. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. त्या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या, म्हणजे शंभरात अकरांहून जास्त. दुसऱ्यात ३,७५४ बाळंतपणांमागे १०५, शंभरात तीनसुद्धा नाहीत. कारण बाळंतरोग, सूतिकाज्वर. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. दाखल करण्याचे दिवस दोन्ही विभागांना आळीपाळीने येत, आणि पहिल्या विभागाचा दिवस निघाला की बायका हातापाया पडत, दुसरीकडे पाठवा म्हणून. काही जणी तर वाटेतच, रस्त्यावर बाळंत होत. आणि कडी म्हणजे, या रस्त्यावरच्या बाळंतिणींनाही पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा रोग कमी होई.

शिकलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली मरण जास्त, सुईणींच्या हाताखाली कमी, उघड्या रस्त्यावरही कमी. परीक्षेच्या भाषेत विरोधाभास याहून स्वच्छ मांडता येणार नाही.

सुचवलेली कारणे कमी नव्हती. हवेतले दूषित वारे? पण दोन विभागांचे छप्पर जवळजवळ एकच. तेच वारे दुसऱ्या विभागाला का सोडून देतील? गर्दी? दुसऱ्या विभागातच जास्त गर्दी होती, कारण पहिल्यात जायला कोणी तयार नव्हते. जेवण, हवापाणी सारखेच. सेमेलवाइसने इथे जी चाळणी लावली, तीच प्रत्येक परीक्षार्थीने लावायची असते: जे कारण दोन्हीकडे सारखे लागू पडते, ते दोन्हींमधला फरक समजावू शकत नाही. कारण कितीही भयंकर असो, खरे असो, फरकाला ते शिवत नसेल तर खोडायचे.

उरले ते वेगळेपण. पहिल्या विभागात पाद्री मरणासन्न बाईला अखेरचा संस्कार द्यायला घंटा वाजवत पाच वॉर्डांतून जाई, त्या धास्तीने बायका खचत असतील का? सेमेलवाइसने पाद्र्याला घंटेशिवाय, दुसऱ्या वाटेने यायला सांगितले. मृत्यू तेवढेच. पहिल्या विभागात बायकांना उताणे निजवत, दुसऱ्यात कुशीवर. त्याने कुशीवर निजवून पाहिले. काही नाही. एका समितीला वाटले, विद्यार्थी धसमुसळेपणाने तपासतात. म्हणून विद्यार्थ्यांची संख्या निम्मी केली आणि तपासण्या कमी केल्या. मृत्यू थोडे दिवस घटले आणि पुन्हा चढले. मागे वळून पाहताना हा धागा बोचतो, कारण उत्तर त्या तपासणाऱ्या हातांतच होते, पण धसमुसळेपणात नव्हते.

मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने बोटाला जखम होऊन वारला. त्याच्या शरीरात ज्या खुणा आढळल्या त्या बाळंतरोगाच्या होत्या. सेमेलवाइसला उलगडा झाला: विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवागारात प्रेते उघडत आणि तेच हात वरवर धुऊन बाळंतिणी तपासायला येत. सुईणींच्या अभ्यासात शवविच्छेदन नव्हते. रस्त्यावर बाळंत झालेल्या बाईला त्या हातांनी कोणी तपासतच नसे. एका उत्तराने तिन्ही गोष्टी उलगडल्या. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या भावंडात, हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली दोन्ही विभागांतले मृत्यूचे प्रमाण शंभरामागे सव्वाच्या आसपास येऊन एकमेकांना भेटले.

त्याच्या उत्तराला एक सुधारणा लागली, आणि ती फार बोलकी आहे. एकदा कुजलेल्या व्रणाची एक रुग्ण तपासून तेच हात नुसत्या साबणाने धुऊन बारा बायका तपासल्या गेल्या. त्यांतल्या अकरा वारल्या. प्रेताचा संबंध नव्हता. म्हणजे ‘प्रेताचे कण’ हे उत्तर कोड्यापुरते पुरेसे होते, पण सत्यापुरते अरुंद. जिवंत माणसाच्या शरीरातला कुजका अंशही तेच करत होता. जंतूंचा सिद्धान्त अजून रुजायचा होता. तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेल यांनी १९६६ मध्ये विज्ञानाच्या पद्धतीवर जे छोटे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यात हीच कथा नमुना म्हणून घेतली आहे, ते उगाच नाही.

प्रश्नांचा एक उलटा प्रकारही असतो. त्यात चार पर्याय विरोधाभास सोडवतात आणि जो सोडवत नाही तो ओळखायचा असतो. ‘वगळता’ हा शब्द घाईत निसटतो आणि मुले पहिलेच चांगले उत्तर टिकमार्क करून पुढे जातात. याचा सराव महाराष्ट्राच्या धरणांवर करता येईल. देशातली सर्वाधिक मोठी धरणे या एका राज्यात आहेत, दोन हजारांहून अधिक. पण पिकांखालच्या जमिनीपैकी सिंचन मिळते ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास. देशाची सरासरी मात्र निम्म्याजवळ. यावर चहाच्या टपरीवरचे उत्तर एकच असते आणि ते एका शब्दाचे असते. तो शब्द पर्यायांत नाही असे समजून पुढे जाऊ.

धरण ‘मोठे’ ठरते ते मुख्यतः उंचीवर, पायापासून १५ मीटर किंवा अधिक. पाणी किती मावते यावर नाही. त्यामुळे जायकवाडी जशी एक, तशी डोंगराच्या खोबणीतली मातीची छोटी भिंतही एक. हा पर्याय सोडवतो, आणि केरळसारखाच मोजण्याच्या पद्धतीत शिरून सोडवतो. ऊस राज्याच्या पिकांखालच्या क्षेत्रात शंभराला चारच्या घरात असूनही सिंचनाचे निम्म्याहून जास्त पाणी पितो. हाही सोडवतो. जलाशयांत गाळ भरून साठा घटतो आणि कालव्यांतून पाणी झिरपून वाया जाते. हेही काही अंशी सोडवते. आणि ‘मध्य प्रदेश व गुजरात या राज्यांतही मोठी धरणे शेकड्यांनी आहेत’? हे खरे आहे, धरणांविषयी आहे, आकडेवारीसारखे दिसते, आणि कोड्याला जागचे हलवत नाही. वगळायचा तो हा. चुकीच्या पर्यायांत असा विषयाला धरून असलेला पण कोड्याशी नाते नसलेला पर्याय फार वेळा भेटतो. लग्नात जेवायला आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखा: पोशाख बरोबर, गप्पाही बरोबर, फक्त ना वराकडचा ना वधूकडचा.

आता मांजरांची गोष्ट. या प्रकारच्या प्रश्नांचे सौंदर्य आणि मर्यादा दोन्ही तिच्यात आहेत.

न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात खिडक्या उघड्या राहतात आणि मांजरे पडतात. तिथल्या ॲनिमल मेडिकल सेंटर या प्राण्यांच्या रुग्णालयात १९८४ साली पाच महिन्यांत अशी १३२ मांजरे आली. त्यांच्यावरचा लेख १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, हे नवल होतेच. त्याहून नवल म्हणजे पडण्याची उंची सातव्या मजल्यापर्यंत वाढत जाताना इजा वाढत गेल्या, आणि त्यापुढे कमी झाल्या. म्हणजे चौथ्यापेक्षा सातव्यावरून पडणे वाईट, पण दहाव्यावरून पडणे सातव्यापेक्षा बरे.

एक उत्तर भौतिकशास्त्राचे. पडणाऱ्या मांजराचा वेग ताशी ९७ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. माणसाचा साधारण त्याच्या दुप्पट. वेग वाढत असेतो मांजराचे शरीर ताठरलेले राहते. वेग स्थिर झाला की ते सैलावते, पाय फाकवून उडत्या खारीसारखे पसरते, आणि आघात सगळ्या अंगावर वाटला जातो. उंची जास्त, सैलावायला सवड जास्त. दुसरे उत्तर कारकुनी आहे. दहाव्या मजल्यावरून पडून जागीच मेलेले मांजर कोणी दवाखान्यात आणत नाही. दवाखान्याच्या वहीत येतात ती फक्त आणण्याजोगी. तेव्हा उंच मजल्यांची यादी आधीच निवडलेली असते.

परीक्षेत यांपैकी कोणतेही एक पर्यायात आले तर ते बरोबर ठरेल. दोन्ही विधाने जिवंत ठेवून दोन्ही उत्तरे गाठ सोडवतात. एक मांजराच्या शरीरात शिरून, दुसरे वहीत शिरून. विद्यार्थी ‘पण नक्की कोणते?’ म्हणून अडतात, तेव्हा त्यांना सांगावे लागते की प्रश्नाने नक्की कोणते असे विचारलेलेच नाही. त्याने फक्त शक्य वाट मागितली आहे.

पण प्रयोगशाळेतल्या माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात पशुवैद्यांनी चार वर्षांत अशा पडलेल्या ११९ मांजरांच्या नोंदी तपासल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केल्या. तिथे सातव्या आणि त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांच्या इजा जास्त गंभीर निघाल्या, विशेषतः छातीच्या. म्हणजे ज्या नवलाची दोन देखणी स्पष्टीकरणे तयार होती, ते नवलच दुसऱ्या गावात नीट उभे राहिले नाही. अशा वेळी संशोधक पहिल्या वहीकडे परत जातात: किती मांजरे कितव्या मजल्यावरून, कोणी मोजली, कोणती आलीच नाहीत. जीमॅटच्या खोलीत बसलेल्या मुलाला ही मुभा नाही. त्याच्या कागदावरचे मांजर दहाव्या मजल्यावरून पडून बरे झालेले आहे, आणि पुढच्या दीड मिनिटात ते का बरे झाले एवढेच त्याला सांगायचे आहे.